गाडीवर उडालेला रस्त्याच्या पट्ट्यांचा रंग: घासू नका, भिजवा

पावसाळा सरतो, खड्डे बुजतात, नवं डांबर पडतं आणि त्यामागोमाग पट्टे मारणारी गाडी येते. रस्ता कोरडा असल्याशिवाय रंग धरत नाही, त्यामुळे आपल्याकडे हे काम पाऊस थांबल्यावर, कोरड्या महिन्यांत उरकतात. शहरांत तर बरंचसं रात्रीच. अंधारात ओला पट्टा चाकाखाली येतो, चालवणाऱ्याला कळतही नाही, आणि सकाळी गाडी पुसायला घेतली की चाकांच्या मागच्या बाजूला, दारांच्या खालच्या अंगाला, मागच्या बंपरवर पांढरे-पिवळे शिंतोडे दिसतात. मग पहिला हात जातो ओल्या फडक्याकडे आणि दुसरा थिनरच्या बाटलीकडे. दोन्ही हात आवरा, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. उडालेला रंग स्वतः गाडीचं फारसं बिघडवत नाही. बिघडतं ते तो काढताना.

कारण साधं आहे. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग. गाडीची चमक आणि खालच्या रंगाचं उन्हापासूनचं संरक्षण, दोन्ही या एवढ्याशा थरावर आहे. रस्त्याचा रंग त्याच्या आत शिरत नाही, वर चिकटून बसतो. त्यामुळे तो सैल करून उचलता येतो. पण घासून काढायला गेलात तर डागाबरोबर क्लिअर कोटही जातो, आणि गेलेला क्लिअर कोट परत येत नाही; पॅनल रंगवावं लागतं.

फणसाचा चीक हाताला लागला की आपण साबणाने घासत बसत नाही. खोबरेल तेल चोळतो, थोडं थांबतो आणि मग चीक आपसूक सुटतो. इथेही काम तेलाला आणि वेळेला करू द्यायचं आहे.

चाकाखाली ओला पट्टा आलाच तर

वेग कमी करा. रंग चाकाला लागतो आणि चाकाच्या वेगाने वर फेकला जातो. वेग जितका जास्त, तितके शिंतोडे वर आणि लांब. पट्ट्यावरून बाजूला या, पण झटक्यात स्टेअरिंग वळवू नका, कारण ओल्या रंगावर चाक घसरतं. दुचाकीवाल्यांनी तर अशा पट्ट्यावर ब्रेक दाबूच नये. पुढचा थोडा रस्ता हळू चालवलात की चाकाला लागलेला रंग रस्त्यावरच उतरतो.

मग जवळच्या वॉशिंग सेंटरला थेट जा. घरी जाऊन जेवून, उद्या बघू, असं करू नका. पहिल्या एक-दोन तासांत नुसत्या जोरदार पाण्याने जेवढं निघतं, तेवढं नंतर अख्खी दुपार घालवूनही निघत नाही. धुणाऱ्याला सांगायच्या दोन गोष्टी: चारही चाकांच्या वरच्या पोकळीत, मडगार्डच्या आत आणि दाराखालच्या पट्टीवर फवारा मार, आणि फडकं अजिबात लावू नको. फवाऱ्याचं तोंड पत्र्यापासून फूटभर तरी लांब हवं. फार जवळून मारलं तर जिथे रंगाचा टवका आधीच उडालेला आहे, तिथून मूळ रंगाचा पापुद्राही सुटतो.

धुण्याआधी मोबाईलवर फोटो मात्र काढून ठेवा. ते कशाला, ते शेवटी येईलच.

उडालंय ते नक्की काय आहे?

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच गणित चुकतं. रस्त्यावरचा रंग एका जातीचा नसतो.

महामार्गांवर आणि शहरांतल्या मोठ्या रस्त्यांवर आता मुख्यतः थर्मोप्लास्टिक वापरतात. हा नेहमीच्या अर्थाने रंग नव्हेच. रेझिन, पांढरं रंगद्रव्य, चुनखडीची भुकटी आणि काचेचे बारीक मणी यांचं हे मिश्रण. ते साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, वितळवून रस्त्यावर पसरतात. आपल्या रस्तेबांधणीच्या नियमांत या थराची जाडी २.५ मिलिमीटर सांगितली आहे. ओला असतानाच त्यावर आणखी काचेचे मणी टाकतात, दर चौरस मीटरला २५० ग्रॅम या हिशेबाने. रात्री आपल्या दिव्यांच्या झोतात पट्टा चमकतो तो या मण्यांमुळे. थर्मोप्लास्टिक काही मिनिटांतच गोठतं. त्यामुळे गाडीवर येतात ते पातळ शिंतोडे नसतात, चाकाने उचलून भिरकावलेले मऊ गोळे आणि तुकडे असतात. पत्र्यावर ते जाड, फुगीर, मेणासारखे दिसतात.

दुसरा प्रकार गार लावायचा रंग, म्हणजे डब्यातून काढून ब्रशने किंवा मशीनने मारलेला. लहान रस्ते, सोसायट्यांची आवारं, पार्किंगच्या रेघा यांसाठी तो अजून सर्रास चालतो. हा हाताला अर्ध्या-एक तासात कोरडा लागतो, पण आतून पूर्ण कडक व्हायला काही दिवस घेतो. हेच दिवस आपल्या फायद्याचे. गाडीवर तो पातळ, सपाट थेंबांच्या रूपात, कडेला शेपूट ओढल्यासारखा दिसतो.

तिसरा प्रकार फसवा आहे. दुभाजक, कठडे, उड्डाणपुलाच्या जाळ्या स्प्रेने रंगवताना रंगाचं धुकं वाऱ्याबरोबर उडतं आणि शेजारी उभ्या गाड्यांवर बसतं. ठिपके डोळ्यांना दिसतही नाहीत, पण बोनेटवरून हात फिरवला की पॉलिश पेपरसारखी खरखर लागते. हातावर एक पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि धुतलेल्या बोनेटवरून बोटांची टोकं हळूच फिरवा. साध्या हाताला न कळणारी खरखरही पिशवीतून स्पष्ट जाणवते. पांढऱ्या गाडीवरचा पांढरा रंग शोधायलाही हीच युक्ती. जोडीला मोबाईलचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका धरा, प्रत्येक ठिपक्याची सावली पडते.

काळे ठिपके असतील तर तो रंग नाही, डांबर आहे. नव्या रस्त्यावर दोन्ही एकदम उडतात. डांबराचं काम सोपं असतं, टर्पेंटाइनने ते विरघळतं.

आता ठिपक्यावर नख टेकवून बघा, खरवडू नका. नख रुतलं आणि खूण राहिली तर रंग अजून कच्चा आहे, तुम्ही वेळेत आलात. नख घसरलं आणि ठिपका जाड असेल तर थर्मोप्लास्टिक. नख घसरलं आणि ठिपका पातळ असेल तर वाळलेला रंग. वेळ लागेल, पण निघेल.

ते काचेचे मणी लक्षात ठेवा. जवळून, भिंगातून पाहिलं तर ठिपक्याच्या पृष्ठभागावर साखरेच्या दाण्यांसारखे चमकणारे गोल दिसतात. ओल्या फडक्याने जोरात पुसलं की हे मणी सुटतात, फडक्यात अडकतात आणि पुढच्या प्रत्येक हाताला क्लिअर कोटवर बारीक चरे ओढत जातात. डाग निघाल्यावर उन्हात गाडी बघितली की त्या जागी गोल गोल जाळं दिसतं, ते हेच.

सामान

बहुतेक गोष्टी घरात किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. गाडीचा शाम्पू आणि दोन बादल्या. डब्ल्यूडी-४० किंवा त्याच जातीचा तेलकट स्प्रे. पेट्रोलियम जेली, म्हणजे आपलं व्हॅसलीन, मोठी डबी. मिनरल टर्पेंटाइन, तेही रंगाच्या दुकानातलं सीलबंद बाटलीतलं. सुटं घेतलं तर त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. स्वयंपाकघरातली पारदर्शक क्लिंग फिल्म. पाच-सहा स्वच्छ मायक्रोफायबर फडकी. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणि एखादं मुदत संपलेलं प्लॅस्टिकचं कार्ड. डिटेलिंगवाल्यांकडे, म्हणजे गाडीची बारीक सफाई-पॉलिश करणाऱ्यांकडे, किंवा ऑनलाइन मिळणारा क्ले बार, म्हणजे पत्र्यावरचे कण उचलणारी मळता येणारी वडी, 'फाइन' प्रतीचा. हातमोजे, शक्यतो नायट्राइलचे. शेवटी हाताने मारायचं बारीक पॉलिश आणि मेण.

रॉकेल मिळत असेल तर तेही चालतं, जुने मेकॅनिक तेच वापरतात. पण ते तेलकट राहतं, वास जात नाही आणि रबरी बीडिंग फुगवतं. माझी पसंती टर्पेंटाइनला.

आधी चाचणी

गाडी सावलीत, हवेशीर जागी लावा. बंद तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. टर्पेंटाइनची वाफ जड असते, खाली साचते आणि पेट घेते. आसपास विडी-सिगारेट, देवाचा दिवा, गॅस काही नको. पत्र्याला तळहात लावून बघा, गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर टाकलेलं कुठलंही द्रावण काम करायच्या आधीच उडून जातं आणि मागे डाग सोडतं.

मग दार उघडून आतल्या खालच्या कडेला, जिथे कुणाला दिसत नाही तिथे, फडक्याच्या कोपऱ्यावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हलकेच टेकवा आणि अर्धा मिनिट थांबा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला नाही, पृष्ठभाग चिकट किंवा मंद झाला नाही, तर पुढे चला.

पण ही चाचणी कारखान्यातल्या रंगाची झाली. गाडीचं एखादं पॅनल पूर्वी गॅरेजमध्ये रंगवलेलं असेल, आणि आपल्याकडे बंपर तर निम्म्या गाड्यांचे रंगवलेले असतात, तर त्या पॅनलची चाचणी वेगळी, त्याच पॅनलच्या झाकलेल्या कडेवर घ्या. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का केलेला असतो; गॅरेजमधला तसा असेलच असं नाही, आणि स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग असेल तर द्रावणाने तो चक्क वितळतो. जुनी गाडी विकत घेतली असेल तर मागच्या मालकाने काय काय रंगवलंय ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून ज्या ज्या पॅनलवर डाग आहेत, त्या प्रत्येकाची चाचणी करा.

मुख्य काम

पहिल्यांदा साधं धुणं. पाण्याच्या धारेने सैल माती, वाळू आणि सुटे मणी वाहून जाऊ द्या. मग शाम्पूच्या पाण्यात मऊ मिट, म्हणजे गाडी धुवायचा हातमोजा, घेऊन, दाब न देता, वरून खाली. डागांवरून मिट फिरवू नका, डागांच्या कडेने जा. मिट प्रत्येक वेळी साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून मगच शाम्पूत बुडवा. गाडी कोरडी टिपून घ्या.

आता भिजवायचं. प्रत्येक डागावर डब्ल्यूडी-४० फवारा, थेट पत्र्यावर नको असेल तर कापसाच्या बोळ्यावर घेऊन टेकवा. त्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्या, लोणी लावतात तसा नव्हे, लिंपतात तसा. दाराच्या उभ्या पत्र्यावर नुसता स्प्रे ओघळून जातो आणि उरलेला उडून जातो. व्हॅसलीन त्याला जागेवर धरून ठेवतं आणि स्वतःही हळूहळू रंगात मुरतं. वरून क्लिंग फिल्मचा तुकडा चिकटवा, हवा बंद झाली की द्रावण आतच राहतं. कच्च्या रंगाला दोन-तीन तास पुरतात. वाळलेल्याला रात्रभर ठेवा. रात्रभर ठेवताना मांजरं, धूळ आणि सकाळचं ऊन यांचा विचार करून जागा निवडा. सूर्य वर यायच्या आत फिल्म काढायला हात लागले पाहिजेत.

सकाळी फिल्म सोलताना पातळ रंगाचे काही ठिपके तिलाच चिकटून येतील. उरलेल्यांची कड लाकडी काडीने तपासा. काडी जवळजवळ पत्र्याला समांतर धरा आणि डागाच्या बाहेरून आत, कडेखाली सरकवा. रंग सुरकुतला, त्याचा पापुद्रा वर उचलला गेला तर काम झालं; तसाच सरकवत न्या. काडी अडली तर थांबा, जोर लावू नका, पुन्हा स्प्रे, पुन्हा व्हॅसलीन, पुन्हा काही तास. दोन-तीन रात्री लागल्या तरी लागू द्या. रोज थोडा निघालेला डाग हा बरोबर चाललेल्या कामाचा पुरावा आहे.

सुटलेला कचरा फडक्याने पुसू नका, टिपा. स्प्रेने ओलं केलेलं मायक्रोफायबर डागावर ठेवा, हलका दाब द्या, सरळ वर उचला, फडक्याची स्वच्छ घडी पुढे आणा, पुन्हा तेच. एक घडी एकदाच.

थर्मोप्लास्टिकचं तंत्र थोडं निराळं. त्यात रेझिनच्या दोन जाती असतात. हायड्रोकार्बन जातीचं तेलाने बऱ्यापैकी मऊ पडतं. अल्किड जातीचं मात्र तेलाला दाद देत नाही. चौकात, जिथे गाड्या थांबून इंजिनाचं तेल ठिबकतं, तिथे मुद्दाम तेच वापरतात. म्हणून रात्रभर भिजवूनही तुकडा दगडासारखाच राहिला तर निराश होऊ नका, उलटी युक्ती करा. गुळगुळीत, गार पत्र्यावर थर्मोप्लास्टिकची पकड मुळात कच्ची असते, कारण खडबडीत डांबरात ते जसं मुरतं तसं मुरायला इथे जागाच नाही. बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तुकड्यावर पाच-दहा मिनिटं धरा. तो ठिसूळ होतो. मग कडेला शाम्पूचं पाणी सोडून प्लॅस्टिक कार्डाची कड खाली घाला आणि वर उचकटा, पुढे ढकलू नका. जाड तुकडा बऱ्याचदा एका टिचकीत अखंड निघतो. खाली पातळ थर उरला तर त्याला तेल-व्हॅसलीनने पुन्हा भिजवा.

हीट गनचा सल्ला बरेच जण देतात. माझा विरोध आहे. थर्मोप्लास्टिक मऊ पडायला साधारण १०० अंश लागतात. तेवढी उष्णता एका जागी दिली तर क्लिअर कोट आणि खालचे प्लॅस्टिकचे भाग आधी धोक्यात येतात, आणि वितळलेला रंग पसरून पत्र्याला आणखी घट्ट बिलगतो.

तेलाला दाद न देणारा पातळ डाग

इथे टर्पेंटाइन. फडक्याच्या एका बोटाएवढ्या भागावर घ्या, डागावर टेकवून वीस-तीस सेकंद धरा, मग डागापुरतंच हलकं फिरवा. फडक्यावर रस्त्याचा पांढरा-पिवळा उतरतोय की तुमच्या गाडीचा रंग, हे दर वेळी बघा. गाडीचा दिसला की तिथेच थांबा. प्रत्येक डागानंतर ती जागा शाम्पूच्या पाण्याने धुवा. टर्पेंटाइन पत्र्यावर वाळू देऊ नका.

पिवळा रंग असेल तर एक खबरदारी जास्तीची. पिवळ्या रस्तारंगांत शिशाचं क्रोमेट वापरायची जुनी पद्धत आहे. तो कोरडा खरवडून किंवा पॉलिश पेपर मारून धूळ करू नका. सगळं काम ओलं, हातमोजे घालून, आणि निघालेला कचरा कागदात गुंडाळून टाका. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

क्ले बार आणि शेवटचा हात

मोठे ठिपके निघाले की पिशवीतल्या हाताने पुन्हा तपासा. खरखर उरलीच असेल. दुभाजकाच्या स्प्रेची बारीक भुकटी बसली असेल तर तिच्यावर हाच मुख्य उपाय; व्हॅसलीनचा खटाटोप तिथे लागत नाही.

क्ले बारचा सुपारीएवढा तुकडा तोडून हातात मऊ मळा, चपटा करा. शाम्पूचं दाट पाणी पत्र्यावर भरपूर फवारा. बार ओल्या पत्र्यावर सरळ रेषेत, फक्त बोटांच्या वजनाने पुढे-मागे सरकवा. सुरुवातीला तो अडखळेल, आवाजही येईल. जसजसे कण उचलले जातील तसतसा तो लोण्यासारखा सरकायला लागतो, आणि आवाज बंद पडला की ती जागा झाली. बार उलटून बघा, पांढरे कण दिसतील. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, कितीही महाग असो. त्यात शिरलेला वाळूचा एक कण सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

एवढं करूनही डागाच्या जागी फिकट सावली किंवा मंदपणा दिसला तर बारीक पॉलिश, हाताने, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं घेऊन. रबिंग कंपाउंडने सुरुवात करू नका आणि मशीन तर सवय नसेल तर मुळीच नको. कडेवर, दाराच्या घडीवर, जिथे रंगाचा थर मुळात पातळ असतो, तिथे मशीन क्षणात आरपार जातं.

मग पूर्ण गाडी धुऊन तेलाचा शेवटचा अंश घालवा आणि मेण किंवा सीलंट लावा. तेल, टर्पेंटाइन आणि क्ले यांनी जुनं मेण साफ झालेलं असतं, पत्रा उघडा पडलेला असतो. मेणाचा थर असलेल्या पत्र्यावर पुढच्या वेळी रंग धरतोही कमी.

पत्रा नसलेल्या जागा

काळं, खरबरीत प्लॅस्टिक, म्हणजे चाकांवरची आणि दाराखालची पट्टी, हा सगळ्यात चिवट भाग. रंग त्याच्या कणीत बसतो. इथे व्हॅसलीन रात्रभर, मग जुन्या मऊ टूथब्रशने गोलाकार हात, आणि खाचेतल्या उरल्यासुरल्यासाठी टूथपिक. कार्डाने खरवडलंत तर पांढरे ओरखडे कायमचे राहतात. पत्र्याला मेण लावताना या पट्ट्यांवर आधी चिकटपट्टी लावा, नाहीतर मेणाचे पांढरट डाग त्यात अडकून बसतात.

काच सोपी. शाम्पूच्या पाण्याने ओली ठेवून नवं ब्लेड तिरकं धरलं की रंग सरकत निघतो. मागच्या काचेच्या आतल्या बाजूला धुकं घालवायच्या तारा असतात, तिथे आतून ब्लेड नको. आणि हेडलाइट, टेललाइट काचेचे समजू नका. ते प्लॅस्टिकचे असतात, हेडलाइट तर बहुधा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचे. त्यांवर ब्लेड नको, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हरही नको, आतून बारीक तडे जातात. पॉलिकार्बोनेटवर डब्ल्यूडी-४०ही चालत नाही. तिथे फक्त शाम्पूचं पाणी आणि धीर. बंपरवरचे पार्किंग सेन्सर आणि मागचा कॅमेराही काडीने खुपसू नका.

चाकांजवळ काम करताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर तेलाचा थेंबही जाता कामा नये. डब्ल्यूडी-४० लागलेला ब्रेक लागत नाही. अलॉय चाकांवर स्प्रे थेट मारू नका, फडक्यावर घेऊन पुसा. डिस्कला चुकून लागलंच तर मेकॅनिककडून ब्रेक क्लीनरने साफ करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. पॅड भिजले असतील तर बदला. टायरवरचा रंग तसाच सोडा, चालून चालून झिजतो. टायरला रॉकेल-टर्पेंटाइन लावणं रबराला वाईट. चाकांच्या वरच्या पोकळीतला रंगही मी तरी सोडून द्यायला सांगतो, फक्त जाड गोळे टायरला घासत असतील तर ते काढा.

दुचाकीला हेच सगळं लागू, दोन भर घालून. सायलेन्सर पूर्ण गार झाल्याशिवाय टर्पेंटाइनची बाटली जवळ आणू नका. आणि टाकीवरचे, बाजूच्या पॅनलवरचे स्टिकर द्रावणाने कडेला सुटतात, त्यांच्या आसपास फक्त व्हॅसलीन.

हे करू नका

थिनर. 'जरासं लावून लगेच पुसायचं' हा सल्ला देणारे गॅरेजवाले खूप आहेत. भट्टीतला क्लिअर कोट एखाद-दुसरा सेकंद तग धरेलही, पण डाग निघायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि तोवर पृष्ठभाग मंद पडतो. पेट्रोलचा बोळा ही आपल्या गॅरेजांची जुनी सवय. आगीचा धोका तर आहेच, शिवाय त्याने रंग पुसट होऊन पसरतो. भांड्यांची तारेची किंवा हिरवी घासणी, पांढरा 'मॅजिक' स्पंज, पत्र्यावर ब्लेड, बाथरूमचं ॲसिड, यांतलं काहीही नको. स्पंज मऊ लागतो, पण त्याचं काम बारीक पॉलिश पेपरसारखंच चालतं.

गाडीवर पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, असेल तर टर्पेंटाइन लावू नका, फिल्मच्या कडेतून ते डिंकापर्यंत जातं. ज्याने फिल्म लावली त्यालाच विचारा. बहुतेकदा तेवढा तुकडा बदलणं सोयीचं पडतं. सिरॅमिक कोटिंगवर रंगाची पकड कमी असते, पण क्ले आणि पॉलिशने कोटिंग झिजतं, हे धरून चाला. मॅट फिनिशच्या गाडीला क्ले आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य. घासली की तिथे चकाकी येते आणि ती जात नाही. ती गाडी तज्ज्ञाकडेच न्या. डाग छतापासून बोनेटपर्यंत शेकड्यांनी असतील, किंवा महिने उलटून गेले असतील, तरीही तज्ज्ञच गाठा. नेल्यावर एक प्रश्न विचारा: पॉलिश करण्याआधी रंगाच्या जाडीचं मीटर लावणार का? ज्याच्याकडे ते मीटर नाही, त्याच्या हातात मशीन देऊ नका.

खर्च कुणाकडून?

विम्याचा विचार करताना आकडे मांडून बघा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर यातलं काहीच मिळत नाही. ओन डॅमेजचं, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, संरक्षण असेल तरी १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. त्याहून मोठा फटका नो क्लेम बोनसचा. एक वर्ष दावा न केल्यास २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेली सवलत एका दाव्यात शून्यावर येते, बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलं नसेल तर. दोन-तीन दारांच्या डिटेलिंगचा खर्च तेवढा होतो का, ते आधी विचारून घ्या. पॅनल रंगवायची वेळ आली असेल, तरच दावा परवडतो.

ओल्या पट्ट्याभोवती शंकू लावणं, माणूस उभा करणं ही काम करणाऱ्या कंत्राटदाराची जबाबदारी आहे, आणि तसं नव्हतं तर तक्रार जरूर करा. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. राज्य मार्गांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, शहरात महापालिका. तक्रारीत ठिकाण शक्य तितकं नेमकं द्या: रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, दिशा, वेळ. सोबत ओल्या पट्ट्यावर उमटलेल्या चाकांच्या खुणा, आजूबाजूला शंकू नसल्याचा फोटो आणि धुण्याआधीच्या गाडीचे फोटो जोडा. मात्र रस्त्याचे फोटो घेण्यासाठी महामार्गाच्या मार्गिकेत थांबू नका. पुढे सुरक्षित जागा बघून गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा आणि तिथून जेवढं टिपता येईल तेवढंच टिपा.